नवा जन्म, जुनं आडनाव

नवी मुंबईच्या उलव्यात नवं बिऱ्हाड आलं की लिफ्टमध्ये तीन प्रश्न ठरलेले असतात. गाव कुठलं, नोकरी कुठे, आडनाव काय. माझं आडनाव अस्सल नगरी आहे. ते ऐकलं की समोरच्याला माझी जात कळली असं वाटतं. मग कधीतरी त्याची नजर आमच्या दारावरच्या क्रुसाकडे जाते आणि चौथा प्रश्न येतो, "म्हणजे तुम्ही कन्व्हर्टेड का?" माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला सव्वाशे वर्षं होत आली. चार पिढ्या गेल्या, तरी विचारणाऱ्याच्या लेखी आम्ही कालपरवा बदललेले असतो.

मला त्या प्रश्नाचा राग येत नाही. बदललात म्हणजे नेमकं काय बदललं, हे विचारायचा हक्क शेजाऱ्याला आहे. आणि आमच्यातल्या पुष्कळांनी तो प्रश्न स्वतःला विचारलेलाच नाही. मी जन्माने ख्रिस्ती, म्हणून मला तो टाळता आला. पण उलव्यात माझ्या आजूबाजूला असे लोक आहेत ज्यांनी पाचसात वर्षांपूर्वी, कुणी गेल्याच वर्षी, बाप्तिस्मा घेतला. त्यांना तो टाळता येत नाही. गावाकडे देवीचा गोंधळ असतो, सोसायटीत सत्यनारायण असतो, बहिणीच्या लग्नात देवक बसतं, आणि दर वेळी ठरवावं लागतं की मी आता कोण. हा लेख त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि ज्यांच्या घरात असं कुणी आहे त्यांच्यासाठीही.

उलवेही बदललेलंच गाव आहे. शेतं आणि खाजणाच्या जागी सिडकोचे सेक्टर आले, 2018 मध्ये खारकोपरला लोकल आली, जानेवारी 2024 मध्ये तीच गाडी उरणपर्यंत गेली आणि त्याच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं. विमानतळासाठी उलव्याची टेकडी तासली, उलवे नदीचा प्रवाह वळवला; 8 ऑक्टोबर 2025 ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. अशा ठिकाणी बीडचा, जालन्याचा, सांगलीचा माणूस येऊन राहतो. त्याचे आजोबा कोण होते हे इथे कुणाला माहीत नसतं. नवी ओळख घेऊ पाहणाऱ्याला हे मोकळं वाटतं. गावात ज्याला पारावर जाब द्यावा लागला असता, तो इथे रविवारी सकाळी बायबलची पिशवी खांद्याला लावून सरळ बाहेर पडतो. कॅथलिक माणसाला निदान आपण मुंबई महाधर्मप्रांतात आहोत हे ठाऊक असतं. नव्या विश्वासी लोकांची मंडळी मात्र बहुधा भाड्याच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या दिवाणखान्यात भरते. चपला दाराबाहेर, खाली सतरंजी, एक ढोलकी, एक गिटार. गाणी मराठी, मध्येच हिंदी. मग साक्ष. "प्रभूने मला दारूतून सोडवलं," "माझी कंबर बरी झाली," "घरात शांती आली."

या साक्षींवर हसणाऱ्यांपैकी मी नाही. दारू सुटली की घर वाचतं, हे मी पाहिलेलं आहे. पण साक्ष रविवारी होते आणि ओळख सोमवारी जगायची असते.

शास्त्रात नव्या ओळखीसाठी कपड्याची उपमा आहे. पौलाने इफिस आणि कलस्सै इथल्या मंडळ्यांना लिहिलं की जुना माणूस अंगावरून उतरवा आणि नवा माणूस परिधान करा. उतरवायच्या गोष्टींची यादीही त्याने दिली: खोटं बोलणं, राग, निंदा, लोभ, व्यभिचार. त्या यादीत भाषा नाही, आडनाव नाही, जेवणाची पद्धत नाही. त्याच्याही आधी, साधारण इसवी सन 49 च्या सुमारास, यरुशलेमेत पहिल्या पिढीच्या पुढाऱ्यांची बैठक बसली होती. यहूदी नसलेल्या माणसाला ख्रिस्ती व्हायचं असेल तर आधी यहूदी व्हावं लागेल का, हा वाद होता. निकाल झाला की नाही, सुंता लागणार नाही. मला हा सगळ्या मंडळीच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. ख्रिस्ती होण्यासाठी दुसऱ्याची संस्कृती अंगावर चढवावी लागत नाही, असं त्या दिवशी ठरलं. पुढे ते किती वेळा विसरलं गेलं, याचा एक पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे.

तिथला अनुभव दुहेरी आहे. 1616 मध्ये राचोलच्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला आपल्या पुराणांची उणीव भासते, हे त्या परदेशी माणसाने ओळखलं आणि ओवीतच ख्रिस्ताची कथा सांगितली. आणि त्याच गोव्यात 1736 मध्ये इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्त्यांना अंगणात तुळस लावायला, धोतर-चोळी वापरायला, लग्नात जुनी गाणी गायला, इतकंच काय, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही मनाई केली. भातात मीठ घालणं ही श्रद्धेची खूण ठरली. स्टीफन्सने माणसाची जीभ राखली होती. शंभरावर वर्षांनी त्याच जिभेची चव धर्मन्यायालयापुढे उभी करण्यात आली.

इथे मात्र एक गोष्ट कबूल करावी लागेल. ओळख ताटावर ठरवण्याचा हा रोग एकट्या पोर्तुगीजांचा नव्हता. आपल्याकडे तो आधीपासून होता. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, मिशनऱ्यांच्या घरी राहत होता. वडील कोर्टात गेले आणि मुलगा त्यांना परत मिळाला. मग खरा वाद पेटला. मुलगा ख्रिस्तावर विश्वास ठेवतो की नाही याची कुणाला फारशी फिकीर नव्हती. त्याने मिशनऱ्यांकडचं अन्न खाल्लं होतं, तेव्हा त्याला जातीत परत घेता येईल का, हा वाद होता. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं असा पक्ष लढवला आणि त्याबद्दल त्यांनाच स्वकीयांचे बोल खावे लागले. पुढे 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली, तर त्यावर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं आणि रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एक कप चहा! मराठी मुलखात धर्माची सीमा देवळाच्या दारात नसून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आहे, असं मी म्हणते ते या पुराव्यांवरून.

म्हणूनच मराठीत या प्रश्नावरचं सर्वांत खरं पुस्तक एका स्वयंपाकघरातून आलं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' 1934 ते 1936 या काळात चार भागांत निघाली. त्यांच्या पतीला, ना. वा. टिळकांना, 1893 मध्ये राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एक युरोपियन भेटला, त्याने नवा करार हातात दिला, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. इतिहासाची पुस्तकं इथे थांबतात. लक्ष्मीबाईंचं पुस्तक इथून खरं चालू होतं. नवऱ्याचा नवा जन्म झाला आणि बायको जिवंतपणी विधवेसारखी झाली. ती नातेवाइकांच्या आधाराने राहिली, मुलाला घेऊन वणवणली. पुढे नगरकडे नवऱ्याजवळ आली तेव्हा आपलं सोवळं, आपलं पाणी, आपली चूल वेगळी ठेवून राहिली. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. तऱ्हेवाईक, तापट माणूस, पण या एका बाबतीत त्यांनी धीर धरला.

आणि ती बदलली ती कशी? बायबलचा अभ्यास करून वादात हरली, असं झालं नाही. जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला, हे तिच्या मनाला पटलं, आणि तिने सोवळं सोडलं. कुणाच्याही हातचं खाईन असं ठरवलं. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. हा क्रम मी उलव्यातल्या प्रत्येक पाळकाला आणि प्रत्येक नव्या विश्वासीला मुद्दाम सांगते. तिने आधी ताट मोकळं केलं आणि मग डोक्यावर पाणी घेतलं. आमच्यातल्या बहुतेकांचं नेमकं उलटं झालं आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आणखी अवघड आहे आणि म्हणून आणखी उपयोगाचं. 1883 च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे महाराष्ट्रात त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, तो अपवाद. तिकडे ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्यांचे खटके उडत राहिले. रमाबाई मांस-अंडं खात नसत आणि ते सोडायला तयार नव्हत्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का चालू नयेत, असा त्यांचा सवाल होता. चर्चने सांगितलेलं प्रत्येक तत्त्व तपासल्याशिवाय मानणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवलं. भगिनींना हा गर्व वाटला. मला तो नव्या ओळखीचा पहिला धडा वाटतो. एका शास्त्राच्या जुलमातून बाहेर पडलेली बाई दुसऱ्या कुणाच्या हुकमाखाली जाण्यासाठी ख्रिस्ती झाली नव्हती.

मग परत आल्यावर त्यांनी काय केलं? 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. 1893 मध्ये मुली ख्रिस्ती होतात म्हणून गदारोळ झाला, सल्लागार मंडळातले रानडे-भांडारकर बाजूला झाले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई हटल्या नाहीत. दुष्काळात शेकडो मुली-बाया गोळा करून केडगावला मुक्ती सदन उभं केलं. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं, कारण आधीची संस्कृतप्रचुर भाषांतरं त्यांच्या खेड्यातल्या बायांना कळत नव्हती. 1922 मध्ये त्या गेल्या. त्यांचा नवा जन्म दाखवायला मी एकच गोष्ट पुढे करीन. संस्कृत पांडित्यासाठी 'सरस्वती' ही पदवी मिळवलेल्या बाईने निरक्षर बाईला कळावं म्हणून आपली भाषा उतरवून ठेवली.

ना. वा. टिळकांनी भाषा दुसऱ्या बाजूने राखली. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांनी मराठी माणसाचा जीव भरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आधी नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलेलं होतंच. टिळकांनी अभंग आणि भजनं दिली, 'ख्रिस्तायन' हातात घेतलं आणि अपुरं ठेवलं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं, ज्यांना लहानपणी शाळा मिळाली नव्हती. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या वाटेने पोहोचलो अशी टिळकांची भावना होती. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' स्थापला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली. दोन वर्षांत ते गेले, दरबार विरला. पण उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसालाही आत बसायला पाट द्यावा, ही त्यांची कल्पना आजही आमच्या किती मंडळ्यांना पेलेल?

भाषा आणि रीती राखण्याच्या बाबतीत आमच्या रायगडात आणि उत्तर कोकणात शिकण्यासारखं पुष्कळ आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची आपली वेगळी बोली आजही घरात बोलतात. ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या इथल्या मूळच्या कॅथलिक लोकांच्या लग्नात 'उंबराचं पाणी' आणण्याचा विधी अजून होतो, वाजत-गाजत बाया विहिरीवर जातात. आमच्या शेजारच्या आगरी घरातल्या हळदीत बसलं आणि ईस्ट इंडियन हळदीत बसलं तर डोळे मिटून फरक सांगता येणार नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुवार्ता' मासिक मराठी वाचकांचं केलं, 'सुबोध बायबल'ला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. तेव्हाही काहींनी विरोध केला, धमक्या दिल्या. तरी संमेलन झालं.

भाषा राहिली, गाणं राहिलं, हळद राहिली. हे सगळं चांगलं झालं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट राहिली, आणि तिच्याविषयी आमच्या सभांमध्ये बोललं जात नाही. जात राहिली.

गोव्यात चारशे-साडेचारशे वर्षांनंतरही ख्रिस्ती बामण, चार्दो आणि सुदीर हे भेद लग्न ठरवताना कळतात. वसईत कुपारी, वाडवळ, कोळी अशा समाजांच्या सोयरिकी दीर्घकाळ आपापल्यातच होत आल्या. आम्हा नगरकडच्या प्रॉटेस्टंटांची कथा आणखी लाजिरवाणी आहे, कारण आमच्याकडे सोडायला उच्च जातही नव्हती. 1876-78 च्या दुष्काळाच्या काळात आणि पुढे गावंच्या गावं मिशनकडे आली ती बहुतांशी महार आणि मांग वस्त्यांतून. अमेरिकन मराठी मिशनने जातिभेदाला थारा द्यायचा नाही, प्रभुभोजनाचा प्याला एकच, असा आग्रह धरला. प्याला एक झाला. लग्नाचा मांडव एक झाला नाही. माझ्या आजीच्या तोंडी "ते तिकडचे" असा शब्द असायचा, आणि 'तिकडचे' म्हणजे त्याच मंडळीत, दोन बाकं मागे बसणारी माणसं. बाप्तिस्म्याच्या वेळी सगळ्यांवर एकच पाणी पडलं होतं.

आता माझं म्हणणं स्पष्ट मांडते. मराठी ख्रिस्ती माणसाने जे धरून ठेवायला हवं होतं ते पुष्कळदा सोडलं आणि जे सोडायला हवं होतं ते धरलं. सोडलं ते नातं, पेहराव, ओव्या-अभंग, भावाच्या घरचं जेवण. धरलं ते आडनावामागे दडलेलं मोजमाप. पौलाने गलतीकरांना लिहिलं होतं की यहूदी-परका, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असे भेद ख्रिस्तात उरत नाहीत. नवी ओळख म्हणजे ती. बाकीचं सगळं त्यानंतर.

इथे 14 ऑक्टोबर 1956 आठवल्याशिवाय राहत नाही. बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेताना लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या. काय मानणार नाही, काय करणार नाही, काय पाळणार, हे शब्दांत सांगितलं. माणूस घरी गेला तेव्हा त्याला ठाऊक होतं की उद्या सकाळपासून काय वेगळं करायचं आहे. आमच्या बाप्तिस्म्यातही सैतानाचा आणि त्याच्या कामांचा त्याग विचारला जातो. त्या कामांत जात येते की नाही, हे मात्र कुणी मोठ्याने विचारत नाही. विचारायला हवं. पाण्यात उतरण्याआधीच विचारायला हवं.

जात कागदावरही पाठ सोडत नाही. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे. आधी फक्त हिंदू, मग 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून आलेल्या ख्रिस्त्यांना इतर मागासवर्गात धरतात. अनुसूचित जमातीला ही धर्माची अट नाही. परिणाम असा की पुष्कळ घरांत माणूस रविवारी ख्रिस्ती आणि दाखल्यावर हिंदू असतो. 26 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका बाईच्या प्रकरणात निकाल दिला की बाप्तिस्मा घेऊन नियमित चर्चला जाणाऱ्या व्यक्तीला आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेता येणार नाही. दलित ख्रिस्त्यांना दर्जा द्यावा का, यासाठी 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोगही नेमला गेला. माझ्या मते अट अन्यायाची आहे, कारण गावच्या विहिरीवर ख्रिस्ती महाराला कुणी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता. पण तेवढ्यावरून मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर एक आणि प्रार्थनेत दुसरं असं जगणंही मला पटत नाही. खोटं बोलणं हे उतरवायच्या यादीत पहिलंच येतं. जो ही दोन्ही ओझी घेऊन जगतो त्याला दोष देण्याआधी मंडळीने त्याच्या मुलाच्या शिक्षणाची फी भरण्याची तयारी दाखवावी.

कायद्याच्या आणखी दोन-तीन गोष्टी नव्या विश्वासीला ठाऊक असाव्यात, कारण पाळक त्या सांगत नाहीत. धर्म बदलला म्हणून वारसा जात नाही, हे 1850 च्या कायद्यापासून आहे. पण हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 26 प्रमाणे धर्मबदलानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही, वारसा उघडण्याच्या वेळी ती स्वतः हिंदू असल्याखेरीज. जोडीदाराने धर्म बदलला तर हिंदू विवाह कायद्यात ते घटस्फोटाचं कारण होऊ शकतं. धर्मबदलाची नोंद राज्याच्या राजपत्रात करता येते. आणि घटनेचं कलम 25 धर्म मानण्याचं, आचरण्याचं व प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देत असलं, तरी 1977 च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नाही. हा निकाल आमच्या उत्साही मंडळींनी भिंतीवर लावावा. आजाऱ्याच्या उशाशी बसून "आधी विश्वास ठेव, मग बरा होशील" असा सौदा करणाऱ्याला मी सुवार्तिक म्हणणार नाही. ख्रिस्ताने दहा कुष्ठरोगी बरे केले; परत येऊन आभार मानले एकाने. बाकीच्या नऊ जणांचा रोग त्याने परत लावला नाही.

आता रोजच्या गोष्टी. प्रसाद. सोसायटीतल्या गणपतीचा मोदक समोर आला की नवा विश्वासी गोंधळतो. काही पाळक सांगतात, हातही लावू नका. हाच प्रश्न करिंथच्या मंडळीने मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल विचारला होता. पौलाचं उत्तर शहाणपणाचं होतं. मूर्ती काही नाही, तेव्हा अन्नाला भिऊ नका. कुणी जेवायला बोलावलं तर चौकशी न करता जेवा. मात्र तुमच्या खाण्याने एखाद्या कच्च्या भावाचा पाय घसरत असेल तर त्याच्यासाठी सोडा. म्हणजे नियम अन्नाचा नाही, माणसाचा आहे. मी स्वतः शेजारणीने दिलेला मोदक घेते, आरतीत उभी राहत नाही, आणि दोन्ही गोष्टी हसून करते. शेजारीण माझ्याकडे नाताळचा केक आणि करंज्या घेते. आमच्या मंडळीतल्या दोघी मोदक घेत नाहीत. त्या चुकतात असं मी म्हणत नाही. पण त्या ताट परत करताना जो चेहरा करतात, तो चुकतो.

वर्गणीचं उत्तर सोपं आहे. रोषणाईची द्यावीशी वाटली नाही तर देऊ नका, पण त्याच मंडळाच्या रक्तदान शिबिराला पहिल्यांदा जा. मंगळसूत्राचं तर आपल्याकडे केव्हाच ठरून गेलं आहे. कितीतरी मराठी ख्रिस्ती बायांच्या काळ्या मण्यांत वाटीच्या जागी छोटा क्रूस असतो. कुंकवाबद्दल घरोघरी वेगळी मतं आहेत आणि असू द्यावीत. एक सूनबाई मला म्हणाल्या, "सासूबाई म्हणतात, कुंकू पुसलंस म्हणजे माझ्या मुलाचं वाईट चिंतलंस." त्या बाईने काय करावं? माझं मत तिने विचारलं म्हणून सांगितलं: सासूबाईंच्या जिवाला जो घोर लागला आहे, तो आधी दूर करा, कपाळाचं नंतर बघू. त्या आता गावी गेल्या की टिकली लावतात. त्यांच्या मंडळीतल्या कुणीतरी त्यांना तडजोड केली म्हणून सुनावलं. मला ती तडजोड वाटत नाही, माया वाटते.

कुलदैवताचं इतकं सोपं नाही. एकविरेला किंवा तुळजापूरला जाणं ही घरासाठी नुसती पूजा नसते, भावकीची हजेरी असते. पूजेत भाग घेणं नव्या विश्वासीला जमणार नाही, जमू नये. पण गाडीभाडं वाटून घेणं, म्हाताऱ्या आईला पायऱ्या चढायला हात देणं, खाली बसून सगळ्यांच्या चपला आणि पोरं सांभाळणं, यात कुठलीही मूर्तिपूजा नाही. आमच्या सभेतला एक तरुण नेमकं हे करतो. पहिल्या वर्षी चुलते त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या वर्षी त्यांनीच फोन केला, "तू आहेस ना रे बरोबर? आईला तूच लागतो."

सगळ्यात कठीण वेळ मरणाची. घरातले म्हणतात अग्नी द्यायचा, मंडळी म्हणते पुरायचं, आणि नव्या नोडमध्ये जवळ दफनभूमी असतेच असं नाही. माणूस जाण्याआधी हे घरात बोलून ठेवावं. कॅथलिक चर्चने 1963 पासून दहनाला परवानगी दिलेली आहे, पुनरुत्थान काही मातीच्या प्रकारावर अवलंबून नाही. प्रेतावर दोन बाजूंनी ओढाताण चाललेली मी एकदा पाहिली. दोन्ही बाजूंची माणसं रडत होती आणि एकमेकांना शिव्या देत होती. त्या दिवशी तिथे हजर असलेल्या एकाही शेजाऱ्याला आम्ही पुन्हा प्रीतीविषयी काही सांगू शकणार नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती 1 टक्क्याहूनही कमी, सुमारे पावणेअकरा लाख होते. एवढ्या लहान समाजाला आपली ओळख आवाजाने टिकवता येणार नाही, भिंती घालूनही नाही. म्हणून उलव्यातल्या आणि इतरही मंडळ्यांना माझ्या दोन मागण्या आहेत. बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गात 'स्मृतिचित्रे' वाचायला ठेवा. मराठी ख्रिस्ती माणसाचं घर कसं मोडतं आणि कसं पुन्हा जुळतं, हे दुसऱ्या कुठल्या पुस्तकात इतकं सापडत नाही. आणि तुमच्या मंडळीत पुढचं लग्न जुळवायला कोणी आलं, तर आडनाव ऐकल्यावर "पण ते मूळचे कोण?" हा प्रश्न विचारू नका. लिफ्टमधला शेजारी तो विचारतो तेव्हा त्याला क्षमा आहे. आपल्याला नाही.